थांबामामाची रिकामी ट्यूब

माझा धाकटा दीर मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की वहिनीने कौतुकाचे पूल बांधले. एक्कावन्न वर्षांचा घोडा, पण कुणाशी नजर वर करून बोलेल तर शपथ. दुकानदाराने नासकं दूध दिलं तर ते घेऊन घरी येणार आणि म्हणणार, "जाऊ दे वहिनी, त्याच्या लक्षात आलं नसेल." अशा माणसाला काय म्हणायचं? लग्न ठरता ठरता राहिलं. मुलीकडचे तारीख विचारायला आले, तर हा म्हणाला, "जरा थांबू या." ते थांबले नाहीत. चांगलं केलं. त्या मुलीचा संसार आज दृष्ट लागण्यासारखा आहे.

एवढ्या शेळपट माणसाचा धंदा काय, तर नदीवर लोकांना राफ्टिंगला नेणं. बावीस वर्षं तेच. सकाळी वरच्या पुलापासून रबरी बोटी सोडायच्या, दीड तास खळाळातून खाली आणायच्या. मधे वाळूचा एक काठ लागतो, तिथे जेवण. जेवण झालं की ट्यूबिंग. म्हणजे ट्रकच्या चाकाएवढी काळी ट्यूब असते, तिच्या भोकात बूड घालून बसायचं आणि नदी नेईल तसं खालच्या पुलापर्यंत वाहत जायचं. आमचे हे जीपच्या टपावर ट्यूबा बांधून त्या वाळूवर पोचवतात. जॅकेट आणि हेल्मेटचं खातं माझ्याकडे. संध्याकाळी ती धुवायची, वाळवायची, सकाळी पुन्हा लोकांच्या अंगात चढवायची. जगात कोणाला कसला वास येतो ते मला विचारा. गोरी, काळी, शिकलेली, अडाणी, सगळी सारखीच. पाण्यात बसून जॅकेटमधे काय काय करतात ते मी सांगत नाही, तुम्ही कदाचित जेवत असाल.

आणि प्रश्न तरी काय विचारतील! एकाने विचारलं होतं, ही नदी फिरून परत पार्किंगपाशी येते का. एक बाई म्हणाली, खळाळ जरा सावकाश करता येतील का. मी तोंडावर पदर धरून हसले. माझा दीर मात्र तिला गंभीरपणे समजावत बसला, वीस मिनिटं.

त्याला सगळे थांबामामा म्हणतात. पर्यटकांच्या पोरांनी ते नाव पाडलं, कारण त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघत नाही. "थांबा, बक्कल बघू द्या. थांबा, पाणी बघू द्या." आणि सगळ्यांत कहर म्हणजे त्याची रिकामी ट्यूब. वाळूच्या काठाच्या खाली नदी वळते आणि तिथे मधोमध एक बेट आहे. बेटाच्या डावीकडून गेलं तर काही नाही, लहान मूलसुद्धा झोपून जाईल. उजवीकडे प्रवाह अरुंद आणि त्यात एक झाड आडवं पडलेलं. त्याच्या फांद्या पाण्याखाली चाळणीसारख्या पसरल्यात. पाणी आरपार जातं, माणूस अडकतो. रोज पाणी कमीजास्त होतं, तसा ओढीचा कल बदलतो. म्हणून हा काय करायचा, तर लोकांना सोडण्याआधी एक रिकामी ट्यूब सोडायचा आणि काठाकाठाने तिच्यामागे चालत जायचा. डावीकडे गेली तर परत येऊन म्हणायचा, "चला." उजवीकडे गेली तर, "आज ट्यूबिंग नाही." यात अर्धा तास मोडायचा. लोक चिडायचे, हा हात जोडायचा.

जुन्या मालकांना हे चालायचं. ते आता अंथरुणाला खिळलेत आणि कारभार बघतात त्यांचे जावई. आम्ही सगळे त्यांना जावईबापू म्हणतो, तोंडावर आदराने आणि पाठीमागे कसं ते तुम्हाला कळलंच असेल. स्वतःला पोहता येत नाही, पण गळ्यात शिट्टी कायम. त्यांनी आल्या आल्या फर्मान काढलं, रिकामी ट्यूब बंद. "पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत ट्यूब झाडात जाऊन अडकते, हे काय जाहिरात करण्यासारखं आहे का?"

त्यानंतर दीर ट्यूब न सोडता नुसताच उकिडवा बसून पाणी बघायचा आणि शंका आली की थांबवायचा. दोन आठवड्यांत तीनदा थांबवलं. मग जावईबापूंनी त्याला ऑफिसात बोलावलं. दरवर्षी गाइडच्या परवान्यासाठी एक फॉर्म भरावा लागतो, हा माणूस वर्षभर आमच्याकडे नदीवर होता अशी मालकाची सही लागते. सोमवार शेवटचा दिवस होता. पन्नाशीनंतर परवाना एकदा तुटला की नवा मिळत नाही, मग नदी कायमची बंद. जावईबापूंनी फॉर्म काउंटरवर पेपरवेटखाली ठेवला आणि म्हणाले, "शनिवारी मोठा ग्रुप आहे, चाळीस माणसं. त्या दिवशी ट्रिप थांबली तर सही विसरा."

हा घरी येऊन भिंतीकडे बघत बसला. याला दुसरं काय येतं? ना शिक्षण, ना दुसरं कसब. नदी गेली तर आमच्या ओसरीवर मरेपर्यंत भिंत बघत बसणार, आणि त्याला चहा कोण देणार? मी. मला राग आला, आणि राग आला की मी गप्प बसत नाही. शनिवारी सकाळी जॅकेटं जीपमधे भरताना मी त्याला स्पष्ट सांगितलं, "आज तोंडातून 'थांबा' काढलंस ना, तर परत माझ्या दारात यायचं नाही. बावीस वर्षं सगळ्या गावाला थांबवलंस, कोणाचं काय भलं झालं? भित्रा तो भित्राच. एक दिवस तरी पुरुषासारखा वाग."

आमचे हे म्हणाले, "अगं, जरा हळू." मी म्हटलं, "तुम्ही जीप चालवा."

तो फक्त "बरं वहिनी" म्हणाला.

रात्री वर डोंगरात पाऊस पडला असावा. बारा वाजता बोटी वाळूवर लागल्या तेव्हा नदीचं हिरवं पाणी चहासारखं झालं होतं आणि नेहमीच्या काठापेक्षा हातभर वर आलं होतं. ग्रुप खूश. बोटीत भिजले होते, ओरडून घसे बसले होते, आता जेवणावर तुटून पडले. मी ट्यूबा मांडल्या. दीर पाण्याशी उकिडवा बसला. बराच वेळ बसला. मग त्याने वळून माझ्याकडे बघितलं. मला त्याच्या तोंडावर तो शब्द आलेला दिसला हो, अगदी ओठांवर. मी डोळे वटारले.

तो उठला. जावईबापूंपाशी गेला आणि म्हणाला, "साहेब, मी पुढे एकटा जातो. बेटाच्या टोकाच्या खडकावर चढून हात वर केला की मग सगळ्यांना सोडा."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"हात वर झाला की सोडायचं. नंतर नाटक नको."

"नाही साहेब."

दिवसभर इशारे द्यायला त्याच्या हातात पिवळा मोजा असायचा, लांबूनही दिसायचा. तो खडक आणि ते पडलेलं झाड आमच्या वाळूवरून एकाच रेषेत दिसतात, नुसता हिरवा ढीग. तिथे पिवळं काही हललं की आम्हाला दिसणार, एवढंच. दीर ट्यूबमधे बसला आणि पायाने वाळू ढकलली. मी मनात म्हटलं, चला, एकदाचं शहाणपण सुचलं.

चाळीस जण काठावरच ट्यूबमधे बसून तयार. बाकीचे दोघे गाइड दोर धरून उभे. जावईबापू तोंडात शिट्टी घेऊन त्या ढिगाकडे डोळे लावून बसलेले. पाच मिनिटं झाली. आठ झाली. पिवळं काही दिसेना.

"झोपला का तिकडे?" जावईबापू म्हणाले.

"बसला असेल पाणी बघत," मी म्हटलं. हो, मीच म्हटलं. चारचौघांत वर हसलेही. "त्याला दुसरं काम काय?"

लोकही हसले. कुणीतरी "थांबामामा, थांबामामा" असा ठेका धरला. आमचे हे मात्र जीपमधला दोर खांद्यावर टाकून काठाने चालायला लागले. पंधरा मिनिटं झाली आणि वळणावरून आमच्या ह्यांची शिट्टी आली. तीनदा. तीन म्हणजे माणूस अडकला. दोघे गाइड दोर टाकून धावले, मीही जॅकेटं टाकून धावणार होते, तेवढ्यात एक बाई किंचाळली आणि मग सगळ्यांचाच कालवा सुरू झाला.

जावईबापूंनी हात वर केले. "मंडळी, घाबरायचं कारण नाही! हा आमच्या सेफ्टी डेमोचा भाग आहे. बचाव कसा करतात ते आता तुम्हाला प्रत्यक्ष बघायला मिळेल!"

आणि मंडळी शांत झाली. फोन निघाले. मला आधी कळेचना हा माणूस काय बोलतोय. कळलं तेव्हा धावायचंही राहून गेलं.

वीस मिनिटांनी त्याला ट्यूबवर आडवा घालून आणलं. ओठ निळे, डावा हात भलत्याच दिशेला वळलेला. आमचे हे रडत होते. आणि त्या चाळीस जणांनी, देवा शप्पथ, टाळ्या वाजवल्या. शिट्ट्यासुद्धा. एक बाई मला म्हणाली, "अगदी खरं वाटलं हो!" मी तिच्या अंगातलं जॅकेट बक्कल न सोडता डोक्यावरून ओढून काढलं. कान ओरबाडला असेल तर असेल.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, खांदा निखळलाय, हाड दोन ठिकाणी मोडलंय, पण जगलाय हेच खूप. तो हात झाडाखाली अडकून पडला होता. डोकं फक्त पाण्यावर, तेही हनुवटी वर धरली तर. अर्धा तास तसा. आमच्या ह्यांनी सांगितलं, "उजवा हात मोकळा होता त्याचा. मोज्यासकट. पाण्याखाली फांदीला धरून बसला होता."

मग माझं टाळकं सटकलं. तो शुद्धीवर आल्या आल्या मी त्याच्यावर तुटून पडले. "अरे मुडद्या, एक हात मोकळा होता ना तुझा? वर का नाही केलास? आम्ही तिकडे हसत बसलो होतो! हलवायला काय झालं होतं?"

तो म्हणाला, "वर केला असता तर त्यांनी सगळ्यांना सोडलं असतं, वहिनी."

मी बसले. स्टूल होतं म्हणून स्टुलावर, नाहीतर जमिनीवर बसले असते. त्या अर्ध्या तासात याने एकदाही हात उचलला नाही. पाणी नाकात जात असताना. मला नासकं दूध परत करता येतं, दुकानदाराच्या अंगावर ओरडता येतं. हे मला जमलं नसतं. तुम्हालाही नाही.

संध्याकाळी मी ऑफिसात गेले. पेपरवेटखालून फॉर्म ओढला आणि जावईबापूंच्या पुढ्यात ठेवला. "करा सही."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मी काय म्हटलं होतं? ट्रिप थांबली तर सही नाही. ट्रिप थांबलीच ना? चाळीस जणांना ट्यूबिंग न करता परत पाठवलं मी."

मी त्यांना काय काय म्हटलं ते इथे सांगत नाही. तीन पिढ्यांचा उद्धार केला. काउंटरपाशी उभे असलेले दोन पाहुणे उद्याचं बुकिंग न करता निघून गेले. पण सही काही झाली नाही. तोंडाच्या पट्ट्याने सह्या होत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

परत दवाखान्यात आले तेव्हा तो जागा होता. माझ्या हातातला कागद त्याने लगेच ओळखला.

"झाली का सही?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण सोमवारी कळणारच होतं. "नाही झाली."

 तो म्हणाला, रागाने नाही, तक्रार म्हणूनही नाही, नुसती आपली बाजू मांडावी तसं, "पण मी थांबा म्हटलंच नव्हतं. तुम्ही सांगितल्यासारखंच केलं मी. तुम्ही होतात ना तिथे, वहिनी?"

"होते," मी म्हटलं. "मीच होते."