होल्डवर ठेवलेलं घर

आमच्या साडूंइतका संशयी माणूस भोसरीपासून चाकणपर्यंत दुसरा मिळायचा नाही, आणि मिळालाच तर त्याच्यावर पहिला संशय साडूच घेतील. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कंपनीत त्यांनी जन्मभर माल तपासला. तिथे मालाचे तीनच निकाल असतात: ओके, रिजेक्ट आणि होल्ड. होल्ड म्हणजे माल बरा दिसतोय, पण मन मानत नाही, तेव्हा ठेवा बाजूला. निवृत्त होताना साडूंनी पहिले दोन निकाल कंपनीला परत केले आणि होल्ड तेवढा घरी आणला. कलिंगड ते असं टिचकी मारून ऐकतात की कलिंगडवालाच घाबरून कबुलीजबाब देतो. काळेवाडीत त्यांच्या गल्लीतलं कुत्रं शेपूट हलवायला लागलं की दोन पावलं मागे सरून विचारतात, "ह्याला आपल्याकडून काय पाहिजे?" लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी हळूच विचारलं, जावई कसा वाटतो. मुठीतल्या अक्षता तशाच धरून म्हणाले, "होल्ड."

तर ह्या जावयानं घर घेतलं. चिंचवड स्टेशनच्या मागे, इंग्रजांच्या राणीच्या काळात कुणा रेल्वेच्या साहेबानं बांधलेलं, दगडी, दुमजली, साहेबासारखंच उंच आणि अरुंद. जावई आर्किटेक्ट. त्यानं जुनं सगळं राखलं: भिंतीतली शेकोटी, रंगीत काचांची खिडकी, बिडाचा गोल जिना. त्यातच माणूस दिसला की आपोआप लागणारे दिवे, बोटाच्या ठशानं उघडणारं कुलूप आणि स्वयंपाकघरात बेटासारखा मधोमध ओटा बसवला. त्याच्या भाषेत हा जुन्या-नव्याचा संवाद. साडूंचं म्हणणं, संवाद कसला, दोघांची जुंपलीय.

खालची खोली, शेकोटीची, लेकीनं बापासाठी ठेवली होती. आई गेल्यापासून बाबा काळेवाडीत एकटे, ते इथे यावेत म्हणून तिचा जीव तुटत होता. साडू दर रविवारी यायचे, तपासायचे आणि होल्ड सांगून परत जायचे. जुन्यावर संशय असा, की एवढं जुनं आहे तर अजून सरळ उभं कसं? नव्यावर असा, की मी आलो हे ह्या दिव्याला सांगितलं कुणी? शेकोटीचं धुराडं वर कुठवर जातं ते बघायला एकदा त्यांनी आत डोकं घातलं आणि पारव्यांचं अख्खं गाव उठवलं. काजळी माखून बाहेर आले तेव्हा शेजारच्या बाईंनी रेल्वेच्या जुन्या कोळसेवाल्याचं भूतच आलंय समजून लांबूनच हात जोडले. कुलुपाशी तर हाडवैर. जन्मभर लोखंड हाताळून साडूंच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेलेल्या. बोट ठेवलं की कुलूप लाल दिवा दाखवायचं. "बघा साडूभाऊ," ते मला म्हणाले, "आयुष्यभर मी दुनियेला होल्डवर ठेवलं. हे मला ठेवतंय."

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. घराचा कानाकोपरा तपासणारा हा माणूस तिथे पाण्याच्या थेंबाला शिवत नव्हता. पिशवीतून बाटली आणायचा, तीच प्यायचा. चहा पुढे आला की पित्त आठवायचं. आता संशय घ्यायची पाळी माझी होती. एका रविवारी मी थेट विचारलं, पाण्यातही खोट आहे का? त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. मग म्हणाले, "लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घेत नाहीत आमच्यात. आणि तुम्ही सांगता, येऊन राहा."

लेक दारातच चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे तिथेच खाली ठेवला.

"म्हणजे घर बरं आहे," ती म्हणाली, "पण ते माझं आहे म्हणून चालत नाही. आणि आई गेल्यापासून मला माहेर कुठंय बाबा? काळेवाडीला आले तर तुम्ही कुलूप लावून माझ्याच घराच्या भिंती ठोकत बसलेले."

साडू उठले. चप्पल घालून निघून गेले. जावयानं माझ्याकडे बघितलं, मी रंगीत काचांकडे.

पुढच्या रविवारी दारात टेम्पो उभा. त्यातून काळेवाडीची दोन बर्नरची शेगडी, माठ, पोळपाट आणि मिसळणाचा डबा उतरला. साडूंनी शेगडी नेऊन थेट राणीच्या काळच्या शेकोटीत बसवली. फोडणीचा धूर जायला धुराडं आयतंच. जावयाचा चेहरा असा झाला की त्या क्षणी तो साहेबाचा सख्खा वारस वाटला. पण त्याच्या बायकोनं त्याचा हात धरला होता. साडू म्हणाले, "मी हिच्याकडे जेवत नाही. ही माझ्याकडे जेवायला येईल."

परवा मी गेलो होतो. लेक वरून जिन्याच्या तोंडाशी आली आणि नवऱ्याला म्हणाली, जरा माहेरी जाऊन येते. ठणठण करत पंधरा पायऱ्यांचं सासर उतरून ती खाली आली आणि शेकोटीपाशी फतकल मारून बसली. साडूंनी पिठलं वाढलं. पिठलं खारट होतं, मला ठसका लागला. ती मात्र मान खाली घालून सगळं संपवत होती. "तुझ्या आईसारखं नाही जमत," साडू पुटपुटले. तिनं ताटली पुढे केली आणि अजून मागितलं.