निवृत्तीची तारीख

ते प्रकरण विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. माझ्याच निवृत्तीला थोडे महिने उरले होते. एका दुपारी सिंदी मेघेतल्या एक निवृत्त परिचारिका ठाण्यात आल्या. बसा म्हटलं तरी बसेनात.

“साहेब, माह्यं सगळं गेलं. पिपरीत घर बांधाचं होतं मले. जनम किरायाच्या घरात काढला.”

पेन्शन कार्यालयातून बोलतो, असा फोन त्यांना आला होता. हयातीचा दाखला ऑनलाइन द्या, नाहीतर पेन्शन थांबेल, असं म्हणून त्या माणसाने त्यांच्या मोबाइलवर एक अ‍ॅप घ्यायला लावलं. निवृत्ती योजनेतून मिळालेली सारी पुंजी खात्यातून गेली. मी आधी सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेला कळवलं, मग गुन्हा दाखल केला. पैसा पुढे पसरण्याआधी गोठवावा लागतो.

बाईंचा संशय एकावरच होता. “आमच्या हापिसातला बाबूच असन. माह्यी माहिती त्यालेच होती.”

लिपिकाला बोलावलं. तो रडकुंडीला आला. “साहेब, मी काऊन असं करीन? मीच तर सिस्टरची फाइल पास करून आणली!” रडवेल्या चेहऱ्यावर माझा फारसा विश्वास नसतो. त्याला बाहेर बसवून ठेवलं आणि बाईंना फोनवरचं बोलणं पुन्हा सांगायला लावलं.

“म्हणे, तुम्ही पाच तारखेले रिटायर झाल्या न? मले वाटलं, चुकून बोलला असन.”

मी खुर्चीत सरळ झालो. सरकारी माणूस निवृत्त होतो तो महिन्याच्या शेवटच्या दिवशी. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना हे पाठ असतं. फाइल करणारा लिपिक ही चूक करणं शक्यच नव्हतं.

“पाच तारखेला काय होतं?”

“रविवार होता, तर निरोप समारंभ ठेवला होता. चौकात फ्लेक्स लावलता. फोटो, नाव, तारीख, मोबाइल नंबर, सगळं.”

आपल्याकडे निवृत्ती म्हटली की फ्लेक्स आलाच! चोराने फ्लेक्सवरची समारंभाची तारीखच निवृत्तीची धरली होती, आणि असे सगळे फ्लेक्स एकाच ठिकाणी बघायला मिळतात, ते छापणाऱ्याकडे. मी साध्या कपड्यांत फ्लेक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराला म्हणालो, “मीही निवृत्त होतोय. माझा फ्लेक्स छापून कोणाला पाठवशील?” तेवढ्यात दारात हवालदार दिसला आणि गड्याचा चेहरा पडला. चौकशीत फार ताणावं लागलं नाही.

“साहेब, मी फक्त फोटो पाठवत होतो. कमिशन भेटे. ते पुढं काय करून राह्यले, मले नाई माहीत.”

त्याच्या मोबाइलवरून पुढची साखळी सापडली. बहुतेक रक्कम गोठवली गेलीच होती, ती न्यायालयाच्या आदेशाने परत मिळाली. बाईंनी आधी लिपिकाची माफी मागितली, मग पायाभरणी केली. मला फार बरं वाटलं.

पुढे निवृत्त कर्मचाऱ्यांच्या सभेत मला भाषणाला बोलावलं होतं. माझ्याआधी बाईच उठल्या. “मी फसली. लाज वाटे, तरी तवाच ठाण्यात गेली, म्हणून घर उभं होऊन राह्यलं.”

मग पहिल्या रांगेतले एक मोठे निवृत्त अधिकारी हळूच म्हणाले, “मलेही काल तसाच फोन आलता. पैसे गेले, घरी अजून सांगितलं नाई.”

फसलेला माणूस चोरापेक्षा जास्त तोंड लपवतो, हे मी नोकरीभर पाहिलं होतं. त्याला बोलतं कसं करायचं, ते बाईंनी शिकवलं. मी भाषण बाजूला ठेवलं आणि त्या साहेबांना गाडीत बसवून थेट ठाण्यात नेलं.