आईच्या टाचा आणि कोंडाण्याची लेणी

कोंडाण्याला हिवाळ्यातच जावं, असं सगळे जाणकार सांगतात. पावसात ओढे वाट अडवतात, उन्हाळ्यात कातळ भाजून काढतो. राहिला हिवाळा, आणि हिवाळ्यात माझ्या आईच्या टाचा फुटायच्या. चालायला योग्य असा वर्षात एकच मोसम, नेमके तेव्हाच पाय संपावर! छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून बाबा तिला म्हणायचे, "पुढच्या वर्षी लेण्यात वंदनेला जाऊ." असं म्हणता म्हणता सत्तरचं दशक उजाडलं आणि बाबाच गेले. त्या डिसेंबरात आई म्हणाली, "यंदा रांगत का होईना, जानार." मी टेलिफोन ऑफिसातली उरलेली रजा टाकली.

मुंबईहून पॅसेंजरने कर्जत गाठलं. घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिन जोडतात, तेवढ्यात वडा खाऊन घ्यावा. बोटांना तेल लागतं, तेवढंच कोरड्या कातडीचं भलं. पुढे एसटी आहे असं सगळे छातीठोकपणे सांगत होते, ती दिसली मात्र कोणालाच नव्हती. शेवटी टांगा केला. घाटावरून येणाऱ्या वाऱ्याने मावशीच्या गावापर्यंत माझे ओठ असे तडकले की हसायचीही सोय उरली नाही. पिशवीत कोल्ड क्रीम होतं, ग्लिसरीन होतं आणि महिलांच्या मासिकातून मिळवलेलं अफाट ज्ञान होतं.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिने जय भीम केला आणि लगेच म्हणाली, "पाय बघू गं. अगं बाय, ह्या भेगांत नाचणी पेरशील! असूं दे, माज्याकडं विलाज हाय."

विलाज म्हणजे वजरी. मावशीकडे पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, आणि पाय धुणं म्हणजे वजरीने घासणं. दोघी बहिणी विहिरीजवळच्या दगडावर बसून, कढत पाणी ओतून, पितळेची भांडी घासावीत तशा टाचा घासायच्या. मग कोकमतेलाचा गोळा वितळवून ते तेल गरमागरम भेगेत सोडायचं. "पोळलं की गुन येतो," मावशी म्हणायची. आई दात आवळून पोळून घ्यायची. मग शिक्षित मुलीने, म्हणजे मी, वरून नुसतं ग्लिसरीन चोपडलं. आई जी किंचाळली, ती पार पळसदरीपर्यंत ऐकू गेली असेल. मासिकाने 'फुलासारखी कांती' कबूल केली होती. फुललं होतं खरं, लाल.

एवढ्या सेवेनंतर आम्ही लेण्यांकडे निघालो. गावाबाहेरच्या बांधापर्यंत पोचलो आणि आईच्या चपलेवर रक्त दिसलं. ती बांधावर बसली. "तुजे बाबा म्हनत तेच खरं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी जाऊ."

पुढचं वर्ष बाबांना मिळालं नव्हतं.

त्या संध्याकाळी वजरी विहिरीत पडली. कशी पडली, हे मला विचारू नका. मावशी रोज गळ टाकून तिचा शोध घेत होती आणि मी तिच्याशेजारी उभी राहून हळहळत होते. ऑफिसला ताप आल्याची तार ठोकली आणि कर्जतच्या बाजारातून पुरुषांचे लोकरी मोजे आणले. आता घासणं बंद, कढत पाणी बंद. कोमट पाण्यात पाय थोडा वेळ बुडवायचे, हलकेच टिपायचे आणि ओल आहे तोवर कोकमतेल लावून वर मोजे चढवायचे. तेल बोटाला सोसेल इतकंच गरम. यात ना पोळणं ना झोंबणं, त्यामुळे हे औषध आहे यावर मावशीचा विश्वासच बसेना.

"काय गं, सायेब झालीस?" ती आईला चिडवायची.

आई मोज्यातले पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची. पण रजा संपत आली तोवर भेगा मिटायला लागल्या, आणि आई लंगडायची थांबली.

मग आम्ही निघालो. तुम्हीही जाणार असाल तर पाणी जवळ ठेवा आणि पहाटेच निघा. कोंडाणे गाव सोडलं की झाडीतून चढ लागतो, वाट मुळांची आणि दगडांची. आईने मोज्यांवर माझे कॅनव्हासचे बूट घातले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा बूट घातलेली बाई माझ्यापुढे चालत होती. धापा मी टाकत होते.

लेण्याच्या तोंडाशी तिने बूट काढले, मोजे काढले आणि टाच उलटी करून बघितली. रक्त नव्हतं. अनवाणी आत जाऊन झिजलेल्या स्तूपापुढे उभी राहून तिने त्रिशरण म्हटलं. 'सरणं गच्छामि'ला ती रडायला लागली. मीही रडले. टोमणे मारण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, तिथे एकही सुचला नाही.

मुंबईत परतलो. इथे थंडी म्हणजे पंखा एक घर कमी करणं. तरी आईने मोजे सोडले नाहीत. भर दुपारी मोजे घालून ती गॅलरीत तांदूळ निवडत बसायची. शेजारच्या काकूंना राहवलं नाही. "अहो, मोजेबिजे घालून कुठे निघालात?"

आईने सुपातला खडा काढून बाहेर टाकला.

"कुठं नाय. जाऊन आले मी."