डाळीच्या डब्यातली कुंची

मस्कतच्या आमच्या मराठी मंडळात एका वर्षी मी हौसेने कार्यक्रम बसवला: दोनशे वर्षांपूर्वीच्या दोन तरुण मैत्रिणींची पत्रं. "तेव्हा बायकांना लिहायला येत होतं का?" कमिटीतल्या एकांनी विचारलं. "येत असेल एखादीला," मी फटकन म्हणाले. नऊवारी जमली, नथी जमल्या. पत्रांत घालायला मात्र काही सुचेना.

माझी मैत्रीण सांगलीत मोठ्या घरात दिलेली. तिचा फोन कुणीही उघडून बघायचं, म्हणून ती मला पत्रं लिहायची. मस्कतमध्ये टपाल घरपोच मिळत नाही, त्यामुळे आमच्या घुब्रा भागातल्या फ्लॅटवर ते येत नसे. पत्र नवऱ्याच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर यायचं आणि संध्याकाळी त्याच्या रिकाम्या डब्याच्या पिशवीतून माझ्या हातात पडायचं. तिला दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि टिकले नाहीत, तेव्हा तिने लिहिलं होतं: बाळासाठी शिवलेली कुंची सासूबाई म्हणाल्या टाकून दे. टाकली म्हणून सांगितलं आणि उडदाच्या डाळीच्या डब्यात तळाशी ठेवली. डाळ काढताना हात लावते. हे तुझ्यापाशीच ठेव.

ते मी उचललं. जसंच्या तसं. 'तुझ्यापाशीच ठेव'सुद्धा, कारण शेवटाला फार छान बसत होतं. दीडशहाणी मेली. साडी नेसवली, साल बदललं, की दुखणं आपलं झालं असं वाटलं मला.

हॉलमध्ये बायका डोळे पुसत होत्या. शेजारीण म्हणाली, "डब्याचं कसं सुचलं गं तुला?"

"सुचलं आपलं," मी म्हणाले. अजून आठवलं की कान तापतात.

व्हिडिओ मी आईला पाठवला. ती सांगलीतच राहते, आणि लेकीचं कौतुक तिच्या पोटात राहतंय थोडंच. फोन घेऊन माझ्या त्या मैत्रिणीच्या घरी गेली, सगळ्यांना बसवून दाखवला. मग मला म्हणाली, "तिच्या सासूबाई मधेच उठून स्वयंपाकघरात गेल्या. आवडलं नसेल त्यांना."

मी सहा पानं माफी लिहून पाठवली. उत्तरादाखल तिचा फोन आला: "पत्र पाठवू नकोस. इथे आता टपाल आधी सासूबाई उघडतात."

पुढे कितीतरी दिवस नवरा घरी आला की मी डब्याच्या पिशवीत हात घालून बघायचे. कुठल्या तोंडाने बघत होते, कोण जाणे.