माझी पाऊणकी आणि माउईचं खडप

माउई बेटावर जायचं होतं आमच्या सुनेला, तिच्या लेकीच्या, रेवाच्या सोबतीला. ऐन वेळी ऑफिसनं तिची रजा कॅन्सल केली. ती म्हणाली, "आई, पोरीला एकटीला सोडायचं नाही. तुम्ही जाता?" मी म्हटलं, समुद्र आहे ना? मग जाते!

आधी सांगते, माझी शाळा चौथीपर्यंतची. मी कागदावर लिहिते, सून टाइप करते. चुका तिच्या समजा.

रेवा माझी नात. इथेच फ्रीमाँटला जन्मली, पाय मुरगळलेल्यांना व्यायाम शिकवायची नोकरी करते, आणि सुट्टीत पायाला फळी लावून, कमरेला मोठा पतंग बांधून पाण्यावर धावते. माउईला किनाऱ्यापासून थोडं आत पोवळ्याचं खडप, म्हणजे पाण्यातला धारदार खडक आहे. त्याच्या पलीकडे लाटा फुटतात, त्यांच्यावर चढायचं ही खरी गंमत. गेल्या वर्षी त्या खडपावरच तिच्या पायाचा तळवा फाटला, सात टाके पडले. तेव्हापासून ती अलीकडच्या शांत पाण्यातच घुटमळते. या खेपेला खडप ओलांडायचंच, असं ठरवून निघाली होती.

ओकलंडहून विमानाला साडेपाच तास. पतंग-फळीच्या बॅगेचे पैसे वेगळे पडतात, आधी विचारून ठेवा. पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी मी घेतलीच होती. विमानात शेजारच्या बाईनं मागून खाल्ली.

पहिला दिवस गाडी भाड्यानं घेण्यात आणि जेवण्यात गेला. तिथे कच्चा मासा तिळाच्या तेलात कालवून देतात. रेवानं मिटक्या मारल्या. मला बाई नाही जमला. मी तळलेला घेतला, सोबत भाताचे दोन गोळे. पंधरा-सोळा डॉलरला एक ताट, दोघींना पुरतं. मोठ्यांना तिथे सगळे अंकल-आंटी म्हणतात, त्यामुळे परकं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. अकराच्या आधी पतंग काढायचा नाही, असा तिथला नियम. वारा इतका की साडीला चार पिना लावून वर रेवाचं जाकीट घातलं, तरी वाळू घोट्यांना टोचतच होती. मोजे घाला.

रेवा फोन बघून म्हणाली, "आजी, हाय टाइड दोनला आहे. वेट करू या?"

आता माझं माहेर हर्णैकडचं. लहानपणी ओहोटीला खडपावर कालवं फोडायला जायचो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आम्ही तिला पाऊणकी म्हणतो. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. घड्याळ लागत नाही की फोन.

मी म्हटलं, "दोन कसले? सव्वा अकराला खडप बुडतं. जा तू."

"शुअर?"

"अगं, माझं आयुष्य गेलं त्यात."

पोरीनं फोन ठेवून दिला. माझ्यावर विश्वास ठेवला हो तिनं. पतंग वर धरायला तिथले एक म्हातारे अंकल आले, ते रोज सगळ्यांचे पतंग सोडतात. मी आपली कौतुकानं पाण्याकडे बघत होते, तर काय. लाट मागे सरली की खडपाची तपकिरी पाठ उघडी पडत होती. बुडलेलं खडप असे दात दाखवत नाही.

"रेवा, थांब! नको जाऊस!"

"आजी, व्हॉट? आता काय?"

"माझं चुकलं. पाणी भरलेलं नाही."

अंकलनी पतंग खाली घेतला, खडपाकडे बघितलं आणि मान डोलावली. "गुड आइज, आंटी." रेवा चिडली होती. "तूच म्हणालीस ना जा!" मग तिनं तळव्यावरची जुनी खूण चोळली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मी माझी टाच दाखवली. कालवानं कापलेली खूण साठ वर्षांनीही आहे. "सेम!" म्हणाली. उरलेली पोळी आम्ही वाळूसकट खाल्ली.

दोन वाजता खडप दिसेना. पाणी एकसारखं निळं झालं. रेवानं माझ्याकडे बघितलं, फोनकडे नाही.

"आता?"

"आता जा."

गेली. खडपावरून पार झाली. पलीकडे एक लाट उठली, पोरगी तिच्यावर चढली आणि पतंग डोक्यावर घेऊन अशी सरसरत आली की मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. चार पिनांमधल्या दोन उडाल्या. संध्याकाळपर्यंत सात वेळा ओलांडलं तिनं. मी मोजलं. पाय शाबूत.

फ्रीमाँटला परतलो तरी माझ्या मनात एकच: पाऊणकी चुकली कशी? इतकी वर्षं खोटं गणित करत होते का मी? मग रेवानं फोनवर हर्णैची भरती काढली, त्याच पौर्णिमेची. अकरा वाजून दहा मिनिटं.

"आजी, तुझं मॅथ करेक्ट आहे. फक्त तुझ्या बीचचं आहे."

आता तिच्या फोनात दोन्ही किनारे आहेत, माउई वर आणि हर्णै खाली. रोज सकाळी मी चहा घेताना तिथी विचारात घेऊन हर्णैच्या भरतीची वेळ सांगते, ती फोनात बघते. माझं बरोबर आलं की चहाचा कप ती विसळते. गेला आठवडाभर मी कप विसळलेला नाही.