पाडायच्या घराला नवे पडदे

गाडीतून ट्रायपॉड काढत होते, तेवढ्यात घरातून हातोडीचे ठोके ऐकू आले. मी जागच्या जागी थांबले. हे घर कित्येक वर्षं रिकामं होतं. वीज तोडलेली, दाराला कडी नाही, शेजार म्हणावा तर मैलभर लांब. अशा घरांत मला रॅकून भेटलेत, साप भेटलेत, एकदा तर भिंतभर मधमाश्यांचं पोळं भेटलं होतं. हातोडी चालवणारं मात्र आजवर कोणी भेटलं नव्हतं.

"हॅलो!" मी ओरडले. "काउंटीच्या कामासाठी आलेय. फोटोग्राफर!"

"किचनमध्ये ये," आतून बाईचा आवाज आला. "भिंतीला धरून चाल. मधली जमीन कुजलीय."

मी मास्क चढवला. असल्या घरांतली उंदरांच्या लेंड्यांची धूळ छातीत गेली तर माणूस दगावतो, त्यामुळे मास्कशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. आत सत्तरी ओलांडलेली एक बाई उलट्या बादलीवर चढून खिडकीवर पडद्याचा रॉड ठोकत होती. खिडकीला काच अर्धीच होती. बाजूला निळ्या चौकड्यांचे पडदे, नवेकोरे, इस्त्री केलेले. महिन्याभरात बुलडोझरखाली जाणाऱ्या घराला ती पडदे लावत होती.

"उभी काय राहिलीस? बादली धर," ती म्हणाली. मी धरली.

मी मूळची नागपूरची आर्किटेक्ट. नवऱ्याच्या नोकरीपायी नेब्रास्कात आले, इथलं लायसन्स काढायचा कंटाळा केला, आणि इमारती बांधायच्या सोडून पाडायच्या इमारतींचे फोटो काढायला लागले. याला रेकॉर्ड फोटोग्राफी म्हणतात. सरकारी पैशातून रस्ता रुंद करायचा असेल आणि मध्ये जुनं घर येत असेल, तर पाडण्याआधी त्याची नोंद करून ठेवतात. चारही बाजू, खोल्या, जिने, दारांच्या चौकटी. हे फोटो राज्याच्या संग्रहात जातात. तिथे ते पुन्हा कोणी बघत असेल असं मला वाटत नाही.

नियम कडक आहेत. फोटोत माणूस नको, गाडी नको. वस्तू जिथे पडलीय तिथेच राहू द्यायची. भिंतीला टेकून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक काठी उभी करायची, म्हणजे बघणाऱ्याला उंचीचा अंदाज येतो. निळंशार आकाश पर्यटकांना लागतं. आम्हाला ढगाळ दिवस हवा, म्हणजे सावल्या आड येत नाहीत. झाडांची पानंही गळलेली हवीत. म्हणून आमचा सीझन नोव्हेंबर, जेव्हा प्रेअरीवर गार वाऱ्यात हिंडायला शहाणं माणूस जात नाही.

प्रेअरी म्हणजे सपाट गवताळ मुलूख. आता बहुतेक ठिकाणी मका आणि सोयाबीन. यंत्रं मोठी होत गेली, तसतशी दहा कुटुंबांची शेती एकटा माणूस करू लागला. उरलेली कुटुंबं निघून गेली आणि घरं उभीच राहिली. त्यांच्या मागे शाळा बंद पडली, मग किराण्याचं दुकान. मी फिरते त्या रस्त्यांवर अशी घरं जागोजागी आहेत; सुरुवातीला प्रत्येक घराशी थांबून माझे डोळे भरून यायचे. पुढे सवय झाली. असं मी समजत होते.

"पडदे काढावे लागतील," मी त्या बाईला म्हटलं. "घर जसं आहे तसंच घ्यायचं असतं."

"तुझं सरकारी काम तू कर. मला एकच फोटो हवाय. रस्त्यावरून, पडद्यांसकट."

तिचं नाव मार्लीन. लग्न होऊन ती या घरात आली आणि नवऱ्याच्या गुडघ्यांनी दगा देईपर्यंत इथेच राहिली. मुलगा ॲरिझोनात, चँडलरला कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कंपनीत. शेत शेजाऱ्याने घेतलं, घर कोणालाच नको होतं, ते शेवटी काउंटीकडे, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाकडे गेलं. "मुलगा म्हणतो, मॉम, घरच आहे ना ते," मार्लीन म्हणाली आणि रॉडवर जरुरीपेक्षा जोरात हातोडी हाणली.

नवरा व्हर्न गावातल्या वृद्धाश्रमात होता. त्याची स्मृती गेली होती. रोज दिवस कलला की तो कोट चढवायचा, दाराशी जाऊन उभा राहायचा आणि मार्लीनला म्हणायचा, "चल, घरी जाऊ. गुरं वाट बघत असतील." ती समजूत घालायची. कोणी अडवलं की तो धक्काबुक्की करायचा. मागच्याच आठवड्यात पार्किंगपर्यंत पोचला आणि पडला. आता वृद्धाश्रमवाले म्हणत होते की हे थांबलं नाही, तर त्याला ओमाहाला हलवावं लागेल. तिथे अशा माणसांसाठी कुलूपबंद वॉर्ड होता.

"मी हायवेवर गाडी चालवत नाही आता," मार्लीन म्हणाली. "ओमाहाला गेला की गेलाच तो माझ्यासाठी. घर नीटनेटकं आहे, कोणी काळजी घेतंय, एवढं त्याला दिसलं तर तो शांत बसेल. फोटो पलंगाशी ठेवीन."

मी बाहेर येऊन बॉसला फोन लावला. माझा बॉस मला मावशी म्हणतो. रोहन इथे अमेरिकेतच, आयसेलिनमध्ये जन्मला, वाढला. त्याची आई माझी कॉलेजातली मैत्रीण. ऑफिसात आम्ही दोघंच मराठी, आणि तो पगार देत असला तरी मी त्याला अरेतुरे करते.

"मावशी, आर यू सिरियस?" तो म्हणाला. "ती आत काय करतेय? फ्लोअर कोसळला तर लायबिलिटी आपली आहे यार."

"तिचंच घर होतं रे ते."

"होतं ना? आता काउंटीचं आहे. आणि रेकॉर्डमध्ये एक पडदा जरी दिसला ना, रिव्ह्यूअर पूर्ण सेट रिजेक्ट करेल."

"रेकॉर्डमध्ये नाही घालत. तिला एकच वेगळा काढून देते."

"आधी पडदे काढ, जॉब फिनिश कर. नंतर तुझ्या टाइममध्ये तू काय करतेस, आय डोन्ट वॉन्ट टू नो." मग म्हणाला, "काही खाल्लंस का? तिकडे तुला व्हेज काय मिळणार?"

"धपाटे आणलेत," म्हटलं आणि फोन ठेवला.

पडदे काढले. मार्लीनला तिच्या पिकअपमध्ये हीटर लावून बसवलं आणि मी कामाला लागले. उत्तरेकडचं छप्पर बसलं होतं. वरच्या खोलीत वॉलपेपरचे थर एकमेकांतून डोकावत होते. आतला फुलांचा, त्यावर पट्ट्यांचा, त्यावर जहाजांचा, तो बहुधा मुलासाठी. तळघरात एक अवाढव्य फ्रीझर होता. मला वाटतं, तो खाली ठेवून मग जिना बांधला असावा, कारण तो दारातून बाहेर निघण्यासारखा नव्हताच. एकेका खोलीत काठी उभी करायची, फोटो घ्यायचा, पुढे जायचं. माझं काम मी चोख केलं.

दुपार उलटल्यावर पडदे परत लावले आणि काठी गाडीत टाकली. आता हात मोकळे होते. मोडकी पायरी दिसणार नाही असा कोन घेतला, बसलेलं छप्पर एका सदाहरित झाडाआड घातलं. नशिबाने पश्चिमेला ढग फाटले आणि किचनच्या खिडकीवर पिवळं ऊन आलं. आत कोणी स्वयंपाक करतंय असं वाटावं, इतकं ते घर जितंजागतं दिसलं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो बघून मार्लीनने माझा हात दाबला. मला फार बरं वाटलं. असा फोटो मी कित्येक वर्षांत काढला नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी काउंटीच्या ऑफिसात सरकारी फोटोंचा सेट द्यायला निघाले. वाटेत वृद्धाश्रमात थांबले. फ्रेम केलेला फोटो मार्लीनच्या हाती दिला. व्हर्न खिडकीशी बसला होता. उंच, हाडापेराचा माणूस, हात अजून शेतकऱ्याचे.

"हे बघ, व्हर्न. आपलं घर."

त्याने फ्रेम मांडीवर घेतली. बराच वेळ बघत राहिला. मार्लीन माझ्याकडे बघून हसली.

"पडदे कोणाचे आहेत?" त्याने विचारलं.

"आपलेच. मी नवीन लावले."

"आपले पिवळे आहेत." त्याचा आवाज चढला. "कोण राहतंय तिथे?"

मला त्याच क्षणी कळलं आपण काय करून बसलोय. इथली माणसं रस्त्यावरून जाताना पडद्यांवरूनच ओळखतात, घरात कोणी राहतंय की नाही. मीही तसंच ओळखते. आणि आम्ही दोघींनी मिळून त्या घरात परकी माणसं राहायला आणून ठेवली होती.

व्हर्न उठला. कोट शोधू लागला. "माझ्या घरात लोक घुसलेत आणि तू मला इथे बसवून ठेवलंयस," तो म्हणाला आणि रडायला लागला. एवढा मोठा माणूस हुंदके देताना बघवत नव्हता. मार्लीन पलंगाच्या कडेवर बसली.

"तुझे ते दुसरे फोटो," ती मला म्हणाली. "सरकारी. ते दाखव त्याला."

"नको, मार्लीन."

"दाखव."

मी पिशवीतला सेट उघडला. उत्तरेची बाजू त्याच्यापुढे धरली. बसलेलं छप्पर, फुटक्या खिडक्या, भिंतीशी ती पट्ट्यांची काठी. त्याचं रडणं ओसरलं. छपराच्या कडेवरून त्याने बोट फिरवलं.

"वासे गेले," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे तिथे कोणी राहत नाही."

"कोणी नाही, व्हर्न."

"आपणही नाही."

मार्लीनने पडद्यांच्या फोटोची फ्रेम उचलून पलंगावर पालथी ठेवली. मीच म्हटलं, "नाही."

त्याने मान हलवली. पिकावर गारा पडून गेल्यावर शेतकरी हलवतो तशी. अंगावर अर्धवट चढलेला कोट काढला आणि खुंटीला टांगला. मी सेट गोळा केला आणि तिथून निघाले. थेट काउंटीच्या ऑफिसात जाऊन तो देऊन टाकला.

सेट मंजूर झाला. रिव्ह्यूअरने एकही शेरा मारला नाही. घर ठरल्याप्रमाणे पाडलं. बर्फ वितळल्यावर रस्त्याचं काम सुरू झालं, त्या सुमारास मार्लीनचा फोन आला. व्हर्नला ओमाहाला हलवावं लागलं नव्हतं. त्या दिवसानंतर तो एकदाही दाराशी गेला नाही. वृद्धाश्रमवाले खूश होते.

"मग चांगलंच झालं की," मी म्हटलं.

"हो. तेच तर मला हवं होतं." ती म्हणाली. "आधी तो रोज मला म्हणायचा, चल, घरी जाऊ. मला घेऊन जायचं होतं गं त्याला, मला टाकून नाही. आता संध्याकाळ झाली की माझा हात हातात घेऊन म्हणतो, भेटायला आलात, बरं वाटलं. उजेड आहे तोवर निघा, तुमच्या घरी वाट बघत असतील."

फोटोंची आणखी एक कॉपी पाठवू का, असं काहीतरी मी विचारलं. ती नको म्हणाली.

आमच्या कामात फोटो खरा असावा, याचे पानंच्या पानं नियम आहेत. तो कोणाला दाखवावा, याबद्दल कुठे एक ओळही नाही. हे मी रोहनला सांगितलं, तर तो म्हणाला, "मावशी, त्यासाठी नियम कोण लिहिणार?" ते मलाही माहीत नाही. हल्ली कोणी जुन्या घराचा फोटो मागितला, तर मी आधी विचारते, कोणासाठी हवाय. उत्तर काहीही आलं तरी फोटो देतेच.