महागाचा शाम्पू, पुडीतला शाम्पू आणि मीनूची फुलांची वेणी

शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ मला पक्की आठवते, कारण दूध उतू जाऊ नये म्हणून मी घड्याळाकडे बघत बघतच मीनूचे केस विंचरत होते. फणी खाली आली ती केस घेऊनच आली. दोन-चार नाहीत, मूठभर. मीनू माझी मुलगी, सहा वर्षांची. पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी तिला मोठा ताप येऊन गेला होता. ताप गेला आणि आता मागून केस चालले होते. दूध उतू गेलंच.

त्या दिवशी आमच्या ओट्यावर शाम्पूचा विषय निघाला, तो आजपर्यंत संपलेला नाही. कुंभकोणमला आमच्या गल्लीत शेजारच्या मामींच्या घराला चांगला लांब ओटा आहे. दुपारी तिथे बसून आम्ही फुलं ओवतो. फुलांचं दुकान सेल्वी अक्काचं, ओटा मामींचा, आणि हात माझे नि माझ्या सासूबाईंचे. हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं. संध्याकाळपर्यंत फुलं विकली जातात, किस्से मात्र ओट्यावरच राहतात. त्यातले थोडे सांगते.

पण आधी माझ्या जिवाला काय लागलं होतं ते सांगते. उन्हाळ्यात मोगरा स्वस्त होतो, तेव्हा आमच्याकडे लहान मुलींची फुलांची वेणी घालतात. केसांच्या वेणीवर वरपासून खालपर्यंत कळ्या शिवायच्या, मग मुलीला स्टुडिओत न्यायचं, मागे आरसा ठेवायचा, म्हणजे फोटोत तोंडही येतं आणि वेणीही. गल्लीतल्या सगळ्या मुलींचे असे फोटो भिंतीवर आहेत. या वैशाखात मीनूचा नंबर होता. मी तिला कबूल केलं होतं. आणि आता मधूनमधून तिच्या डोक्याची कातडी दिसायला लागली होती. शाळेत कोणी काही बोललं असेल, तिने लोकरीची निळी कानटोपी घातली ती काढेचना. कुंभकोणमच्या उन्हात लोकरीची टोपी. घरात, शाळेत, झोपतानासुद्धा. न्हायला काढायची तेवढीच.

*

दुसऱ्याच दिवशी मी मेडिकलमध्ये गेले. म्हटलं, "लहान मुलांचा सगळ्यात चांगला शाम्पू द्या." दुकानदाराने अगदी वरच्या फळीवरची बाटली काढली. वरच्या फळीवरची म्हणजे चांगलीच असणार, असं मला वाटलं. किंमत इथे लिहीत नाही, घरात अजून सांगितलेली नाही.

पण बाटली भराभर खाली जायला लागली. मीनूला लावायचा म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. मग जातो कुठे? सासूबाई शिकेकाईशिवाय कशाला हात लावत नाहीत. उरले आमचे हे, आणि यांना तर पूर्ण टक्कल. हे पितळेच्या दिव्यांच्या दुकानात कामाला आहेत. सेल्वी अक्का म्हणते, "गिऱ्हाईक दिवा बघायला येतं आणि आधी तुझ्या नवऱ्याकडे बघतं."

एकदा मी न्हाणीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आत हे मीनूसमोर पाटावर बसलेले, डोकं फेसाने पांढरं.

"बघ, झोंबतं का? नाही ना? आता तुझी पाळी."

फेस डोळ्यांत जाईल म्हणून ती रडायची, म्हणून आधी हे लावून दाखवायचे. मी म्हटलं, "अहो, पण इतका महागाचा कशाला? तुमच्या डोक्याला अंगाचा साबणही चालला असता."

"तिला वास कळतो गे," हे म्हणाले. "एकदा फसवलं की परत बसायची नाही."

*

महागाच्या शाम्पूवर सेल्वी अक्काचा राग आहे, आणि तो धंद्यातला राग आहे.

एक टीचरबाई तिची रोजची गिऱ्हाईक. एका शुक्रवारी त्या तणतणत आल्या. "काय गाठी मारता तुम्ही लोक? गोविंदपुरमला विठोबाच्या दर्शनाला उभी राहिले, तर गजरा दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा मागच्या बाईचा पाय पडला."

सेल्वी अक्काने गाठीकडे बघितलंच नाही. उठली, टीचरबाईंच्या मागे गेली आणि त्यांच्या केसांवरून हात फिरवला.

"शाम्पू बदलला?"

"हो. मुलाने बंगलोरहून पाठवलाय. फार चांगला आहे."

"चांगलाच आहे. घासलेल्या फरशीवर मांजर घसरतं अम्मा, माझी फुलं काय करणार?"

टीचरबाई गेल्या तशाच फणकाऱ्याने. पण त्यांनी शाम्पूही सोडला नाही आणि फुलंही सोडली नाहीत. आता त्या गुरुवारी न्हातात. शुक्रवारपर्यंत केस जरा खडबडीत होतात आणि गजरा टिकतो. मुलाला मात्र फोनवर सांगतात, "रोज लावते रे, राजा."

*

मामींचं म्हणणं एकच, शाम्पू महाग असो की स्वस्त, दोन्ही पाणीच. खरी शिकेकाई. त्यात मूग, मेथी, वाळा, जास्वंदीची वाळलेली पानं घालून त्या गिरणीतून दळून आणतात. मीनूसाठी मुद्दाम ताजी दळून आणायला निघाल्या.

गिरणीत शिकेकाईचं यंत्र वेगळं असतं. ते त्या दिवशी बंद. गिरणीवाला म्हणाला, "उद्या या." मामी म्हणाल्या, "पोरीचे केस उद्यापर्यंत थांबतील का?" आणि त्याला मसाल्याच्या यंत्रात दळायला लावलं. त्याने ते नीट झाडलं की नाही देव जाणे. मामींच्या मागे रांगेत चौथ्या घरातली सून सांबाराची धणे-मिरची घेऊन उभी होती.

दुपारी तिच्या घरी पाहुणे. सांबार उकळायला लागलं आणि फेस आला. तिने पळीने काढला, परत आला. पाहुणे जरा चाखून ताकभातावर गेले. संध्याकाळी ती ओट्यावर भांडायलाच आली, पण मामींचं तोंड बघून तिला हसू फुटलं.

"मामी, चव गेली ती गेली," ती म्हणाली, "पण पातेलं असं लख्ख कधी निघालं नव्हतं."

*

सासूबाई सगळ्यांचं ऐकून घेत होत्या. एक दिवस त्यांनी देव्हाऱ्याच्या खालून एक छोटी बाटली काढली. तिरुक्करुगावूरच्या देवीचं एरंडेल. तिकडे पोटुशी बायकांना देतात, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून पोटाला लावायला. माझ्या वेळचं उरलेलं त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

"पोटात होती तेव्हा हिनेच राखली," म्हणाल्या, "डोकं राखणार नाही होय?" आणि मीनूच्या डोक्यावर सगळी बाटली रिकामी केली.

देवीची कृपा खरी, पण एरंडेल ते एरंडेल. वरच्या फळीवरच्या शाम्पूने एकदा धुतलं, दोनदा धुतलं, डोकं तसंच चिकट. वर सुगंधी चिकट. शेवटी मीनूच कोपऱ्यावरच्या टपरीतून पुडी घेऊन आली, माळेसारख्या लटकतात त्यातली. एका पुडीत तेल गेलं. नंतर केस केरसुणीसारखे राठ झाले ते वेगळं.

सासूबाई पुडी उलटीसुलटी करून बघत बसल्या. मग म्हणाल्या, "हिच्यात दम आहे. पण पोरीला रोज नक्को."

*

मग आम्ही डॉक्टरकडे गेलो. लहान मुलांच्या डॉक्टर, शांत बाई. मी पिशवीतून वरच्या फळीवरची बाटली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली, म्हणजे कळावं की आईने काही कमी केलेलं नाही.

त्यांनी बाटली बाजूला सारली आणि मीनूची टोपी वर करून भिंग लावून डोकं बघितलं. म्हणाल्या, "मोठ्या तापानंतर असे केस जातात. मुळं जागेवर आहेत. काही महिन्यांत येतील. अंडं, डाळ, पालेभाजी खाऊ दे."

"आणि शाम्पू?"

"शाम्पू मळ काढतो. केस तो आणत नाही. डोळ्यांना झोंबत नाही, डोकं कोरडं पडत नाही, असा कुठलाही लावा."

"मग महागात आणि स्वस्तात फरक काय?"

"वास. जरा मऊपणा. थोडी बाटली."

मला काही ते पटेना. दारातून परत वळले. "डॉक्टर, तुम्ही स्वतः कुठला लावता?"

त्या जरा विचारात पडल्या. "न्हाणीत जो असेल तो," म्हणाल्या. "आणतात आमचे हे. मी कधी नाव वाचलं नाही."

*

हा किस्सा मी ओट्यावर सांगितलेला नाही.

सकाळी मीनू उठायच्या आधी मी टोपीतून निसटून तिच्या उशीवर पडलेले केस वेचून टाकायची. तिने बघू नयेत म्हणून. ती झोपेत कूस बदलायची तेव्हा मी श्वास रोखून थांबायची. मग काही दिवस उशी स्वच्छ दिसायला लागली. मला केवढा आनंद झाला. डॉक्टर म्हणाल्या तसं थांबलं वाटतं, म्हणून मी देवापुढे साखर ठेवली.

सोमवारी शाळेचे बूट पुसायला घेतले. डाव्या बुटात पुढे काहीतरी कोंबलेलं होतं. केसांचा गोळा.

मी तिला हाक मारली. ती आली, बुटाकडे बघितलं, टोपी कानांवर ओढली.

"हे काय गे?"

"तू बघितलंस की जेवत नाहीस," ती म्हणाली.

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून ते केस टाकून दिले. आणि मी तिच्यासमोर बसून दोन वेळा भात वाढून घेतला. भूक नव्हती, तरी.

*

आता शेवटचा.

वैशाख आला, मोगरा स्वस्त झाला. सेल्वी अक्का एका दुपारी टोपलीभर कळ्या घेऊन ओट्यावर बसली आणि कोणाला न विचारता मीनूची वेणी करायला घेतली. केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपाची पट्टी, तिच्यावर कळ्यांच्या रांगा, मधे अबोलीची नक्षी. मामी गंगावन घेऊन आल्या. म्हणजे खोटे केस जोडून त्यावर वेणी शिवायची.

मीनूने टोपी दोन्ही हातांनी धरली. "दुसऱ्याचे केस नकोत."

"अगे, सगळ्या मोठ्या बायका लावतात."

"मला नकोत."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी कशाकडे बघू? वेणी तयार, ओल्या फडक्यात ठेवलेली. कळ्या संध्याकाळपर्यंत उमलणार. उमलल्या की गेली वेणी.

मीनू फडक्याजवळ बसून राहिली. मग म्हणाली, "अम्माला लावा. फुकट जाईल."

मी नको नको म्हणत होते, तोवर सेल्वी अक्काने माझी मान धरून वळवली आणि सुई घातली. मीनू म्हणाली, "स्टुडिओत पण जायचं. मी तुझ्या बाजूला उभी राहीन. आरशात वेणी दिसेल, पुढे मी दिसेन." तिने सगळं ठरवलेलंच होतं.

निघालो. मी, मीनू, मागे ओटा सगळा. आता आमच्याकडे फुलांची वेणी घालतात लहान मुली, नाहीतर नवरी, नाहीतर डोहाळजेवणाची बाई. मी लहान नाही, नवरी नाही. आणि माझं पोट मीनू झाल्यापासून आत गेलेलंच नाही.

कॉफीच्या दुकानातल्या बाईने पहिल्यांदा हाक मारली. "अंबू, सांगितलं नाहीस. कितवा?"

"नाही हो, तसं काही नाही."

"लाजते," ती आतल्या बायकांना म्हणाली.

पुढे शिंप्याच्या बायकोने वाटीतून साखर आणून माझ्या तोंडात घातली. तोंडात साखर, बोलणार काय? बांगडीवाला हिरव्या काचेच्या बांगड्या घेऊन उतरला आणि माझा हात धरून माप बघायला लागला. "बसा अक्का, डोहाळजेवणाच्या पहिल्या बांगड्या माझ्या हातून." पाच-सहा बायका जमल्या. कोणी म्हणालं, चेहऱ्यावरून मुलगाच. मी मागे बघितलं, तर मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि सेल्वी अक्का भिंतीला टेकली होती. सासूबाई तर माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू त्यांनाच शंका आली.

"ती वेणी माझी आहे."

मीनू मोठ्याने बोलली होती. सगळ्या खाली बघायला लागल्या.

"अम्माच्या पोटात कोणी नाही. वेणी माझी आहे. माझ्या डोक्यावर बसत नाही म्हणून तिने घातलीय." तरी कोणाच्या चेहऱ्यावर विश्वास दिसेना, तेव्हा तिने टोपी ओढून काढली आणि डोकं पुढे वाकवलं. "बघा ना. अजून छोटे आहेत."

रस्त्याच्या मधोमध, भर उजेडात. मीही इतक्या उजेडात ते तोपर्यंत बघितलं नव्हतं. जिथे कातडी दिसायची तिथे सगळीकडे बारीक बारीक केस, भाताचं रोप वर येतं तसे सरळ उभे.

बांगडीवाल्याने माझा हात सोडला. कॉफीच्या दुकानातली बाई वाकली आणि मीनूच्या डोक्यावरून हलकेच तळवा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"कुठला शाम्पू लावलास, कण्णू?" तिने लाडाने विचारलं.

"सगळे," मीनू म्हणाली.

टोपी तिने माझ्या पिशवीत टाकली आणि स्टुडिओच्या दिशेने पुढे चालायला लागली.

बातमी मात्र आमच्यापेक्षा जोरात चालली होती. संध्याकाळी तंजावरहून नणंदेचा फोन आला, इन्नंबूरच्या मावशीने कैऱ्या पाठवल्या, आणि अजून रोज कोणीतरी दारात येऊन मला खाली वाकू नकोस म्हणून सांगतं. तेव्हा वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती, आमच्या ओळखीचं कोणी भेटलं तर एवढं कळवा, मला दिवस गेलेले नाहीत. वेणी मीनूची होती.